आधी समोरच्याची बाजू

"संध्याकाळपर्यंत कळवायचंय," मुलगी म्हणाली. "हो किंवा नाही."

"मग नाही कळव," बाबा म्हणाले आणि त्यांनी शर्टाच्या कॉलरवर इस्त्री दाबली.

लाँड्री इतकी अरुंद, की बाहेर पडायचं तर बाबांच्या टेबलाखालून वाकून जावं लागे. डोक्यावर प्लॅस्टिक घातलेले कोट दाटीवाटीनं टांगलेले, मागे मशीनची घरघर. मुलीला दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरची नोकरी मिळाली होती. इथं राहिली तर हा काउंटर.

ती तावातावानं तोंड उघडणार, तेवढ्यात तिला कॉलेजातल्या मॅडम आठवल्या. तर्क आणि संवाद, सक्तीचा विषय. त्यात पास झाल्याशिवाय डिग्री नाही, म्हणून वर्षभर नाक मुरडत शेवटच्या बाकावर बसून काढलेला. मॅडमचा एकच हट्ट असायचा. आधी समोरच्याची बाजू अशी मांडा, की तो स्वतः 'बरोबर' म्हणेल. मगच तुमची.

"थांबा बाबा. आधी तुमची बाजू मी सांगते."

"घ्या," कोपऱ्यात बटणं लावत बसलेली आत्या म्हणाली. "फी भरून भांडायला शिकून आलीय."

मुलगी हसली नाही. "तुम्हाला आता फार वेळ उभं राहवत नाही. परक्याच्या हाती दुकान द्यायला मन धजत नाही. आणि..." ती अडखळली. पुढचं तिनं ठरवलेलंच नव्हतं. "मी एकदा गेले, की यापुढे पाहुणी म्हणूनच येईन, असं तुम्हाला वाटतं."

इस्त्री थांबली.

"बरोबर," बाबा म्हणाले.

आता तिची पाळी. तिचं म्हणणं तर पाठ होतं, आरशासमोर दोनदा बोलून पाहिलेलं. पण आत्ता स्वतःच बोललेली वाक्यं ओलांडून ते बाहेर येईना. अशा वेळी काय करायचं ते मॅडमनी शिकवलंच नव्हतं, की शिकवलं तेव्हा ती मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसली होती?

"झालं? तुझं तुलाच पटलं ना?" आत्या म्हणाली. "टाक मग कळवून."

"तू गप गं जरा." बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली. "आता हिची बाजू मी सांगतो. असंच असतं ना?"

मुलीनं मान हलवली.

"तुला इथं कंटाळा येतो."

"चूक."

"तिकडे पगार बरा आहे."

"चूक."

बाबा टेबलावरच्या कापडाची सुरकुती हातानंच सारखी करत राहिले. मागचं मशीन थांबलं.

"तुला भीती वाटते," ते सावकाश म्हणाले, "की तुझा माझ्यासारखा जन्म जाईल. इथंच उभं राहून."

आत्यानं सुई खाली ठेवली. मुलगी टेबलाच्या कडेवरचा जळका डाग नखानं खरवडू लागली.

"अगं, बरोबर की चूक," बाबा म्हणाले, "तेवढं तरी सांग."