बिनशिवणीचा स्वेटर

“पुढून उघडा ठेव की गं. बटणं मी लावून देतो,” बाबा म्हणाले.

तिने क्रोशाची सुई थांबवलीसुद्धा नाही. “हा वरून खाली विणतात, बाबा. गळ्यापासून सुरुवात, मग गोल गोल खाली. कुठे जोड नाही, शिवण नाही.”

“शिवणच नाही? मग आम्ही शिंप्यांनी करायचं काय?”

ती हसली. चाळीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला बिनबटणाचा कपडा अर्धवटच वाटणार, असं धरून ती टाके घालत राहिली. बाळ झोपलं की तेवढाच वेळ तिचा. अधूनमधून ती विणलेलं वर्तुळ बाबांच्या डोक्यातून घालून बघायची. अजून बाह्या नव्हत्या, त्यामुळे ते खांद्यांवर अलगद बसायचं. माप अगदी बरोबर. बाह्यांची लांबी तिने त्यांच्या जुन्या शर्टावरून घेतली.

तीन महिन्यांनी स्वेटर पुरा झाला. बाबा खोलीत गेले, दार लावून घेतलं, स्वेटर घालून बाहेर आले. बराच वेळ लागला. कपाळावर घाम होता. “गरम आहे हो चांगला,” ते म्हणाले. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या, फोटो काढला.

त्यानंतर स्वेटर त्यांच्या अंगावरून उतरलाच नाही.

पहिल्या आठवड्यात तिला बरं वाटलं. “लेकीने विणलाय, आता काढतात कसले,” नवरा म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात वास यायला लागला. आधी शिळ्या घामाचा. मग बादलीत राहून गेलेल्या फरशीच्या फडक्याचा. गळ्याची कड तेलकट काळी पडली. छातीवर सांडलेल्या दुधाची खपली धरली. बाह्यांची मनगटं तोंड धुताना भिजायची आणि अंगावरच सुकायची. थंडी सरली, पंखे सुरू झाले, स्वेटर तसाच.

“धुवायला द्या ना, बाबा.”

“उद्या देतो.”

बाथरूममधून पाणी ओतल्याचा आवाज यायचा आणि बाबा स्वेटरातच बाहेर यायचे. “झाली आंघोळ.” ती आत जाऊन बघायची. साबण कोरडा ठणठणीत. वासापेक्षा तिला ह्या खोटेपणाची किळस आली. लहानपणी नखं दाखवल्याशिवाय तिला जेवायला बसू न देणारा माणूस हा! तिने त्यांचा कप वेगळा ठेवला. त्यांच्या खुर्चीवर जुनी चादर टाकली. ते बोलायला जवळ आले की ती नकळत तोंडाने श्वास घ्यायची, आणि तो वास आता आपल्या जिभेवर बसला असं वाटून तिला आणखीच शिसारी यायची. बाळ त्यांच्या मांडीवरून आलं की ती त्याचे हात, गाल, मानेच्या वळ्या ओल्या कापडाने पुसून काढायची. बाबा ते बघायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे.

एका दुपारी ती दुधाची बाटली उकळून बाहेर आली. बाळ बाबांच्या मांडीवर होतं. बाहीचं टोक तोंडात घालून मन लावून चोखत होतं. हनुवटीवरून ओघळणारी लाळ तपकिरी होती.

तिने बाळ हिसकून घेतलं, तोंड पुसलं, पाळण्यात ठेवलं.

“काढा तो. आत्ताच्या आत्ता!”

“राहू दे गं. थंडी वाजते.”

“पंख्याखाली बसलाय तुम्ही! लाज कशी वाटत नाही?”

श्वास रोखून तिने स्वेटरची खालची कड दोन्ही हातांनी धरली आणि वर खेचली. बाबा ओरडले. त्यांचा असा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. त्यांचे हात छातीपर्यंत आले आणि तिथेच अडले. आतला शर्ट पाठीला चिकटला होता. कडेची कातडी लाल, ओली.

तिने कड सोडली. “कधीपासून?”

“तू गळा विणायला घेतलास ना, तेव्हापासून खांदे आखडलेत. घालताना कसाबसा ओढला. आता निघत नाही.”

“मग मला हाक नाही मारायची?”

“लेक आहेस तू,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “शिवण असती तर बसल्याबसल्या उसवली असती. दोनदा कात्री घेतली हातात. पण तीन महिने विणत होतीस.” मग हळूच म्हणाले, “मलाही येतो गं वास.”

वरून विणलेलं खालून उसवतं. ती त्यांच्यामागे जमिनीवर बसली आणि कडेची शेवटची गाठ नखाने सोडवली. लोकर दमट होती, बोटांना चिकटत होती. गोल गोल, एकेक फेरा. मधेच तिला बेसिनकडे धावावं लागलं. तोंड धुऊन ती परत येऊन बसली. मग बाह्या. शेवटी मघाच्या स्वेटरातलं एक वर्तुळ तेवढं खांद्यांवर राहिलं. ते तिने त्यांच्या डोक्यावरून काढलं. शर्ट त्यांनी स्वतःच उतरवला, तिच्याकडे पाठ करून. ती गरम पाणी आणायला उठली.

तुमच्या घरातही असं कुणी असेल तर त्यांना विचारत बसू नका. विचारलं की सगळे “बरा आहे” म्हणतात. वरच्या फळीवरचा डबा काढून द्यायला सांगा, आणि हात कुठपर्यंत जातो ते तिथेच उभं राहून बघा.