रुरीचा हुंदका

"तो हुंदका नाहीये, हागासान!" चिगुसाने मासिक टेबलावर आपटलं. "किती वेळा सांगू? तो दोराचा हिसका आहे!"

गाण्यांचा निर्माता हागा उभ्याउभ्या भाताचा गोळा खात होता. त्याने मान वर केली नाही.

मासिकाच्या मुखपृष्ठावर गायिका रुरी होती. निळा झगा, डोळ्यावर तिरपी बट आणि खाली ओळ : 'दुरावलेल्या आईसाठी गळ्यात अडकलेला हुंदका.' आई कसली दुरावतेय! ती टोकियोशेजारच्या सैतामात ठणठणीत होती आणि दर शनिवारी टेनिस खेळायची. पण रेकॉर्ड कंपनीने छापलं आणि लोकांनी मानलं.

चिगुसा ओनोदेरा सहा वर्षं कच्चं गाणं गात होती. नवं गाणं आलं की आधी तिने ते पूर्ण गाऊन ठेवायचं, रुरीने ऐकून ऐकून घोटायचं, आणि मग चिगुसाचा आवाज पुसून टाकायचा. रुरीचं पहिलं गाणंही असंच झालं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी चिगुसाचा सूर सवयीने तुटला, रुरीने तोही जसाच्या तसा उचलला. लोक त्या तुटण्यावरच खुळावले. नाहीतर तसल्या गोड गळ्याच्या पोरी टोकियोत पैशाला पासरी होत्या.

ते तुटणं चिगुसाच्या बापाचं. केसेन्नुमाच्या बंदरात जाळं ओढताना तो हाळी द्यायचा. दोर हिसकला की आवाज मध्येच तुटायचा. लहानगी चिगुसा धक्क्यावरून त्याला साथ द्यायची. आता त्याच हाळीवर रुरी सुगंधी साबण विकत होती. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

"रडणं खपतं गं," हागा घास गिळून म्हणाला. "दोर कोण विकत घेणार?"

"गळ्यात बांधून बघा एकदा. येईल रडू."

"चिगुसा, तोंड सांभाळ."

"सहा वर्षं सांभाळलं! आता पुढचं कच्चं गाणं मी सरळसोट गाणार. एक हिसका देणार नाही. बघू तुमची बाई कुठून हुंदका आणते ते."

हागाचं चावणं थांबलं. रुरीची नवी गाणी पुढच्याच महिन्यात यायची होती.

दोन दिवसांनी त्याने तिला बोलावलं आणि स्वतः चहा ओतला.

"तू जिंकलीस. रविवारी संध्याकाळी सातला, थेट टीव्हीवर. तुझा चेहरा, तुझा गळा. आणि तो हिसका, हवा तितका जोरात."

चिगुसाने कप बाजूला सारला. "आणि नाव?"

"रंगमंचाचं नाव आम्ही ठरवलंय. पण खाली तुझं गाव येईल. बापाला बरं वाटेल."

"गाणं कुठलं?"

"रुरीचं पहिलं. नवख्या बाईचं नवं गाणं कोण ऐकतंय? आणि ते मुळात तुझंच नाही का?"

तुझंच! सहा वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता. कागद पुढे आला. तिने पर्समधून सहीचा शिक्का काढला आणि न वाचताच उमटवला.

बापाला तिने बाहेर पडताच फोन केला.

"त्या पोरीचं गाणं?" तो खेकसला. "ती तर माझी हाळी चोरते!"

"म्हणून तर बघा, बाबा. रविवारी सगळ्यांना कळेल हाळी कुणाची ते."

"मग अख्ख्या मासळी बाजाराला घरी बोलावतो. आणि पोरी, दोर मध्येच सोडू नकोस हं."

रविवारी केस कापणाऱ्या बाईने तिची बट तिरपी केली. झगा आला तो निळा.

"हे तर तिचं..." चिगुसा भडकली.

"लोकांच्या नजरेला सवय असते," हागा म्हणाला. "राग गळ्यात ठेव, कपाळावर नको. आणि हे बघ, मागून टाळ्या आल्या तरी वळायचं नाही. गात राहायचं."

तिला वेगळ्या खोलीत, एकटीलाच बसवलं होतं. मंचाकडे जाताना एक तरुण भेटला. डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, चाल एका नामांकित म्हाताऱ्या गायकाची. शेजारच्या सभागृहात विनोदी कार्यक्रम असेल, असं म्हणून ती पुढे गेली.

दिवे डोळ्यांवर आले. वाद्यं सुरू झाली. पहिली ओळ तिने आवरून म्हटली. दुसरीच्या शेवटी तिने सहा वर्षांचा संताप गोळा केला आणि दोर ओढला. सूर तुटला, अगदी धक्क्यावर तुटायचा तसा. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसू लागली. तिकडे केसेन्नुमात बाप मांडीवर थाप मारत असेल, चिगुसाला वाटलं. आता आलं का लक्षात, मेल्यांनो, कुणाचा गळा आहे हा?

मागून टाळ्यांचा कडकडाट झाला. ती वळली नाही. मग तिच्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. तोच निळा झगा, तीच तिरपी बट. गात गात रुरी शेजारी येऊन उभी राहिली.

निवेदक उड्या मारत धावला. "आली हो आली, खरी आली! आपल्या नकलाकारांच्या स्पर्धेत आज खुद्द रुरीसान! बोला रुरीसान, केसेन्नुमाहून आलेल्या आमच्या 'जवळपास रुरी'ची नक्कल कशी वाटली?"

रुरीने चिगुसाच्या खांद्यावर मायेने हात ठेवला आणि माइक ओढून घेतला.

"बाकी सगळं हुबेहूब जमलंय हं," ती म्हणाली. "हुंदका तेवढा खोटा वाटला."