धक्क्यावरचा कॅमेरा

"सिग्नेमावशी, हा धक्क्यावरचा कॅमेरा आधी काढून टाका." तूवा सिग्नेच्या भाड्याच्या खोल्यांची वेबसाइट नव्याने करून देत होती. "याच्यापायी साइट उघडता उघडत नाही. लोक कंटाळून निघून जातात. आणि दिसतं काय, तर दोन होड्या आणि धुकं!"

"कोणीच बघत नाही?"

"एक जण बघतो, तिकडे बोडो शहरातून. रोज दुपारी तीनला येतो, चांगला अर्धा तास बसतो. पण मेल्याने आजवर एक खोली घेतली असेल तर शपथ!"

सिग्ने हसली. खुंटीवरची लाल लोकरी टोपी काढून तिने कानांवर ओढली. "हालवर असणार. वृद्धाश्रमातून बघतो."

तूवाने जीभ चावली. "हालवरकाका? पण ते तर आता कोणालाच ओळखत नाहीत ना?"

"नाहीच ओळखत. मी भेटायला गेले, समोर बसले, तरी मला नर्सच समजतो." सिग्नेने दारामागचा झाडू उचलला. "मागच्या वेळी माझाच हात धरून म्हणाला, 'सिस्टर, तीन वाजता मला तेवढं स्क्रीनसमोर बसवा हं. लाल टोपी घालून माझी बायको येते धक्का झाडायला.'"