कुंपणाचा खाऊ

“उद्या सकाळी हा ढीग मले दिसला नाही पायजे,” मनकर्णाबाई पायरीवरून म्हणाल्या. “दिसला तं खोली खाली करा. कॅम्पात भाडेकरूंचा काही तोटा नाही.”

शकुन मान खाली घालून उभी राहिली. ढीग तिच्या खांद्याएवढा होता. पावसाळ्यात मेंदीचं कुंपण बेसुमार वाढलं होतं, आणि घरमालकिणीवर छाप पाडावी म्हणून तिच्या नवऱ्याने, देवीदासने, रविवारी ते स्वतःच छाटलं. छाटलं कसलं, हजामतच केली. फांद्या फाटकाशी रचल्या आणि सोमवारी तो आपला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कारकुनी करायला निघून गेला.

आता एवढं न्यायचं कुठे? गाडीवानाने सांगितलेलं भाडं ऐकून शकुनने त्याला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. ओल्या फांद्या पेटवून पाहिल्या, तर धूर थेट मनकर्णाबाईंच्या वाळत घातलेल्या लुगड्यांत शिरला. एक भारा मागच्या नाल्यात टाकला. नाल्याकाठच्या बायकांनी तो भांडत भांडत परत आणून दिला.

खोली तिला सोडायची नव्हती. भातकुलीहून नवी नवरी म्हणून आली ती याच खोलीत. दारासमोर नळ होता. आळीतल्या बायका आता कुठे तिला नावाने हाक मारू लागल्या होत्या.

त्यात भुलाबाईचे दिवस, आणि आज पाळी तिच्याकडे. संध्याकाळी पोरी येणार, गाणी म्हणणार, आणि झाकल्या डब्यात खाऊ कोणता ते ओळखणार. ज्या घरचा खाऊ ओळखता येत नाही, त्या घराची शान. शकुनचा डबा मात्र रिकामा होता. लढाईमुळे साखर कंट्रोलच्या दुकानात जाऊन बसली होती, आणि घरात होती तेवढी देवीदासच्या चहात गेली होती.

दुपारभर ती उंबऱ्यावर बसून त्या ढिगाकडे पाहत राहिली. मग पदर खोचून उठली आणि तिने पाटा धुऊन घेतला.

संध्याकाळी गाणी झाली. पोरींनी डबा कानाशी धरून हलवला.

“गोड?” शालूने विचारलं. खाऊ ओळखण्यात तिचा हात धरणारी आळीत दुसरी नव्हती.

“नाही.”

“मंग तिखट?”

“नाही.”

“आंबट? खारट? वहिनी, हा तं वाजत बी नाही. आत काही हाय का नुसताच डबा?”

“हाय ना. पण खायचा नाही.”

“खायचा नाही तं खाऊ कसा?”

“तुमी हारल्या का, ते सांगा आधी.”

पोरी हरल्या. शकुनने झाकण काढलं. आत काठोकाठ वाटलेली मेंदी होती, कात घालून काळपट हिरवी झालेली. लगेच एकावर एक हात पुढे.

पोरींना न्यायला शेजारची बेबीताई आली, ती डोक्यावर भारा घेऊन परतली. तिच्यामागे दुसरी आली, तिसरी आली. पाला हाताला आणि काड्या चुलीला, असं म्हणत पलीकडच्या आळीतल्याही आल्या. जेवणवेळेच्या आत ढीग संपला. उशिरा आलेल्या सुभद्राला शकुनने जमिनीवरचा पाला झाडून ओंजळीत दिला.

सगळी आळी येऊन गेली. मनकर्णाबाई तेवढ्या आल्या नाहीत. त्यांना सगळे मुलगेच. त्यांच्या अंगणात भुलाबाई कधी बसली नव्हती, आणि कुठे गाणी सुरू झाली की त्या खिडकी लावून घेत. त्या दिवशी मात्र खिडकी अर्धी उघडी होती.

सकाळी शकुन सडा टाकायला बाहेर आली आणि तिने बादली तशीच खाली ठेवली. ढिगाची जागा लख्ख होती. पण मनकर्णाबाईंच्या खिडकीखालचं उरलंसुरलं कुंपण कोणीतरी ओरबाडून नेलं होतं. नुसत्या काड्या उरल्या होत्या. तेवढ्यात मनकर्णाबाई दोन्ही हात पदरात गुंडाळून पायरीवर आल्या.

“काकू, ढीग गेला,” शकुन घाईघाईने म्हणाली. “पण हे कुंपण आमच्या यायनं नाही कापलं, देवाशप्पथ. कोण आलं होतं, मले नाही मालूम.”

“बकरी शिरली असन,” मनकर्णाबाई दुसरीकडे पाहत म्हणाल्या.

“पण काकू, फाटक तं बंद होतं.”

“म्हटलं ना, बकरी.” डोक्यावरचा पदर सावरायला त्यांनी हात बाहेर काढला. तळवा बोटांच्या टोकांपर्यंत लालभडक रंगला होता. “अन् पुढल्या साली बी कुंपण भुलाबाईतच कापजा.”