बाहेर पडण्याच्या बाजूनं

शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पंच म्हणून बसलेल्या दिगंबररावांना वाद ऐकता ऐकताच डुलकी लागली, आणि जाग आली तेव्हा ब्रिटन अजून युरोपियन युनियनमध्येच होतं.

त्यात त्यांचा दोष नव्हता. शाळेतली पोरं बोलतच अशी होती. नील नावाचा मुलगा तर इतक्या वेगानं बोले, की वाक्य संपल्यावर त्याचा श्वास धापा टाकत मागून येई. शिवाय बाहेर टेक्सासमधल्या शुगर लँडचं ऊन आणि आत वर्गातला एसी असा, की मधल्या दारात उभ्या माणसाला एका अंगानं घाम आणि दुसऱ्या अंगानं सर्दी व्हावी.

विषय होता, ब्रिटननं युनियनमधून बाहेर पडावं का. नील राहण्याच्या बाजूनं, अंतरा बाहेर पडण्याच्या. पंच कमी पडले की शाळा पालकांना बोलावते, पालक कमी पडले की शेजाऱ्यांना. स्पर्धेची व्यवस्था बघणाऱ्या शेजारच्या विनीतानं आदल्या दिवशी विचारलं, तेव्हा दिगंबरराव लगेच हो म्हणाले होते. शनिवारी घराबाहेर राहायला त्यांना कारण हवंच होतं.

घरी पलंगावर सुटकेस उघडी होती. त्यांच्या पत्नी सुलभाबाई मंगळवारी नाशिकला निघणार होत्या, फिरायला नव्हे, राहायला. "जायचं तर एकटी जा," असं दिगंबरराव म्हणाले होते आणि सुलभाबाईंनी ते शब्दशः घेतलं होतं. नवराबायकोच्या या वादाचे प्रयोग गावातल्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरून एकेक पदार्थ आणून जमायच्या जेवणाला, झाले होते. पुढेपुढे तर लोक मठ्ठ्याचे ग्लास भरून घेऊन खुर्च्या जवळ ओढून बसत. दिगंबररावांचे मुद्दे पाठ झाले होते सगळ्यांना: इथले डॉक्टर, इथले रस्ते, इथला इन्शुरन्स, तिथला धूर. प्रत्येक वेळी तेच जिंकत. टाळ्यासुद्धा पडत. सुलभाबाई तेवढ्यात उरलेल्या भाताचे डबे भरत.

"जज, तुमचा निर्णय?" नीलनं विचारलं.

दिगंबररावांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. कागदावर पेनाची एक लांब रेघ होती, डुलकी लागली तिथून खाली घसरत गेलेली.

"हे बघा," ते म्हणाले, "तुमचं बोलणं फार फास्ट. आपल्या आजीला सांगाल ना, तसं एकदा सांगा. थोडक्यात."

"माझी आजी डॅलसला वकील आहे," नील म्हणाला, आणि तेच आकडे त्यानं जरा सावकाश वाचून दाखवले. बाहेर पडलं तर व्यापार किती घटेल, नोकऱ्या किती जातील. एकही आकडा चुकला नाही.

अंतरा उठली. हातातली कार्डं तिनं बाकावर पालथी ठेवली.

"माझ्या आजीला इंग्लिश येत नाही. मराठीत चालेल, काका?"

"चालेल."

"आजी, ब्रिटनला तिथे सगळं मिळतं," ती शब्द शोधत म्हणाली. "मार्केट मिळतं, जॉब्ज मिळतात. आणि सगळे त्याला सांगतात की तू गेलास तर तुझा लॉस किती. चार्ट दाखवतात. खरे असतात चार्ट." ती थांबली. पुढचा शब्द तिला सापडत नव्हता. "पण तुला का जायचंय, असं कोणी विचारतच नाही. मग तो अजून काय करणार? बॅग भरणार."

"यात एव्हिडन्स कुठाय?" नील म्हणाला.

"आजी एव्हिडन्स मागत नाही."

दिगंबररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पुन्हा काढला.

"हे तुझं स्वतःचं मत आहे, बाळ?"

"नाही काका. टॉस हरले म्हणून ही साइड मिळाली. लंचनंतर मी उलट बोलणार आहे."

"तेव्हाही इतकंच चांगलं बोलशील?"

"जास्त. त्या साइडला डेटा भरपूर आहे."

दिगंबररावांनी कागदावर अंतराच्या नावापुढे खूण केली. खाली कारण लिहायची चौकट होती. त्यांनी इंग्रजीत लिहिलं: पटलं नाही. पण उत्तर सुचलं नाही.

मग विनीताला न सांगताच ते पार्किंगमध्ये आले. गाडी अशी तापली होती, की सीटवर पापड टाकला असता तर भाजून निघाला असता. दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर ठेवून त्यांनी घरी फोन लावला.

"काय झालं?" सुलभाबाई म्हणाल्या. "हरवलात का?"

"नाही."

"मग? कामात आहे मी."

"सुलभा, तुला का जायचंय गं?"

पलीकडे सुटकेसची चेन ओढल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"हे तुम्ही विचारताय, की कुणी विचारायला सांगितलंय?"

"सांगितलं एकीनं. नववीतली मुलगी आहे."

"तरीच."

"बरं, पण विचारतोय ना मी आता."

सुलभाबाई पलंगाच्या कडेला बसल्या असाव्यात; तो पलंग कुणी बसलं की करकरतो.

"या घरी," त्या म्हणाल्या. "पण वाटेत काहीतरी खाऊन या. सांगायला वेळ लागेल."