आल्याचं माप

मेरीमातेची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात आत्ताच्या आत्ता पडोत.

फ्लोर पुठ्ठ्यावर पाय पसरून बसली होती आणि मिंदा तिच्या केसांना काळा रंग फासत होती. हाँगकाँगमधला रविवार. सहा दिवस आम्ही लोकांच्या घरातल्या मोलकरणी, सातव्या दिवशी बँकेच्या इमारतीखालची ही फरशी आमच्या बापाची. चार बाजूंना पुठ्ठे उभे केले, चपला बाहेर काढल्या, की झालं घर. मधोमध अदोबोचा, म्हणजे आमच्याकडच्या शिरक्यात शिजवलेल्या कोंबडीचा डबा, तळलेली सुकी मासळी आणि पत्ते.

"मान हलवू नकोस गं बाई," मिंदा म्हणाली. "कान काळा झाला तर तुझी लेक भलतीलाच मिठी मारेल."

"मारू दे. माझ्यासारखी दुसरी आहे का इथं?"

चार वाजता जेनालिन येणार होती. फ्लोरची एकुलती एक. समुद्रापलीकडच्या आमच्या गावाहून, इलोइलोहून, पंधरा दिवस आईला भेटायला. फ्लोर घर सोडून निघाली तेव्हा पोरीचे दुधाचे दात पडत होते. आता ती नर्सिंगची शेवटची परीक्षा देऊन मोकळी झाली होती.

"माझ्या पोरीच्या हातात इंजेक्शन येईल, झाडू नाही," हे फ्लोर इतक्यांदा म्हणायची की तिनं तोंड उघडलं की आम्हीच म्हणून दाखवायचो. पोरीच्या हातात झाडू येऊ नये, एवढ्यासाठीच तर तिनं सतरा वर्षं तो धरला होता.

"आज सकाळी सकाळी कशी सुटलीस?" मिंदानं विचारलं.

"मॅडमनंच सोडलं. म्हणाली, आज सावकाश ये, घाई नाही. किल्लीसुद्धा घेऊन ठेवली माझी. कुलूप बदलतायत."

"ताप आलाय का तुझ्या मॅडमला?"

सगळ्या खिदळल्या. पण लाऊ मॅडम हल्ली गोड झाली होती हे खरं. मध्ये एकदा फ्लोर मासे साफ करत होती, हात बरबटलेले, आणि जेनालिनचा फोन वाजला. मॅडमनं स्वतः उचलला. उचलला तो उचलला, बाल्कनीत जाऊन चांगली अर्धा तास बोलत बसली. "किती चुणचुणीत आहे गं तुझी मुलगी!" फ्लोरला आभाळ ठेंगणं झालं.

मग मॅडमनं एक निळी वही आणून दिली. घरातलं सगळं लिहून काढ म्हणाली. नाताळात तू गावी गेलीस की बदलीच्या बाईला कळायला हवं ना. फ्लोरनं दुपारी दुपारी बसून वही भरली. म्हाताऱ्या लाऊ आजोबांच्या गोळ्या, अंघोळीचं पाणी, ते कुठल्या कुशीवर झोपतात, सगळं.

"सगळं लिहिलंस?" मिंदानं विचारलं.

फ्लोरनं डोळा मिचकावला. "एक सोडून. सूपमधलं आलं. किती घालायचं, किसून की ठेचून, एक अक्षर लिहिलं नाही. दुसऱ्या कुणाच्या हातचं सूप म्हातारा थुंकून टाकतो. ते आलं माझ्याकडे आहे तोवर मला कोण काढतंय?"

"चेटकीण आहेस! पोरीला तरी सांगितलंस का?"

"तिला काय करायचंय? मात्र चौकशा फार करते हं माझ्या. परवा विचारत होती, ममा, तुझ्या खोलीला खिडकी आहे का? आजोबा तुझ्याशिवाय कुणाच्या हातचं खातात का? काळजी वाटते आईची, दुसरं काय."

बाटलीतल्या पाण्यानं केस धुतले. फ्लोर दहा वर्षांनी लहान झाली. मग जेवणं झाली, दोन डाव झाले, तिसऱ्यात फ्लोर हरली तरी हसतच होती. वारा छान सुटला होता. "असा रविवार असला की बाकीचे सहा दिवस माफ," ती म्हणाली आणि मिंदाच्या मांडीवर डोकं ठेवून घटकाभर झोपलीसुद्धा.

बरोबर चार वाजता जेनालिन आली.

पंधरा दिवसांच्या मानानं बॅग भलतीच मोठी होती. आणि गळ्यात पिवळं कार्ड. ते कार्ड आम्ही लांबूनही ओळखतो. कामाला आलेल्या नव्या पोरींच्या गळ्यात एजन्सीवाले ते अडकवतात, पहिल्या दिवशी आमच्याही गळ्यात होतं. मिंदानं मोठ्यानं वाचलं. मालकीण लाऊ. मजला अठरावा.

पोरीच्या हातात निळी वही होती. वहीत घडी घातलेलं पत्र, फ्लोरच्या नावाचं. नोकरी आजपासून संपली, दोन आठवड्यांत हाँगकाँग सोडायचं, सामान खाली वॉचमनकडे ठेवलंय.

फ्लोरनं पत्र दोनदा वाचलं.

जेनालिन मटकन पुठ्ठ्यावर बसली. "मी नापास झाले, ममा. दोनदा. तुला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून ही नोकरी धरली. एजन्सीनं नुसतं लाऊ म्हणून सांगितलं गं, इथं निम्मं गाव लाऊ आहे! वहीतलं तुझं अक्षर बघितलं तेव्हा कळलं." मग मायलेकी गळ्यात गळा घालून अशा रडल्या, अशा रडल्या, की शेजारच्या पुठ्ठ्यांवरचे डावसुद्धा थांबले.

सगळं असंच घडलं. आता शपथ घेऊन बसलेय आणि दात चारच आहेत, म्हणून एवढं एक कबूल करते. तिचं ते मटकन बसणं, बोलणं आणि रडणं माझ्या पदरचं. पोरगी बसलीसुद्धा नाही. तिनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि पेन आईपुढं धरलं.

"ममा, आलं किती घालायचं ते लिहायचं राहिलंय."