अकराची ड्युटी

भिवंडीतल्या बंद पडलेल्या लूम कारखान्याचं हॉटेल झालं, तेव्हा मालकाने एक लूम आणि त्यावरचा विणकर केसरीनाथ असे दोन जुने नग शोभेला ठेवले. केसरीनाथने रोज अकराला लूम चालवून पाहुण्यांना इतिहास सांगायचा. पण खडखडाट सुरू झाला, की त्याचा सवयीने डोळा लागे.

"आज झोपलात तर उद्या घरीच झोपा, काका," मॅनेजर देवेशने बजावलं.

तरी तो झोपलाच. देवेशने वैतागून लूम बंद केला, तसा केसरीनाथ ताडकन उठला. "थांबला? धागा कुठं तुटला रं?"

पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. देवेशने सूर बदलला. "काका, आता रोज असंच झोपायचं. हीच ड्युटी."

दुसऱ्या दिवशी लूम सुरू झाला, पाहुणे जमले, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच केसरीनाथ ड्युटीवर टक्क जागा राहिला.